गल्लीतून पुढे जाणारी हाक

“बाळ्याऽ, दिवे लागलेऽ!”

आईची ही हाक माडीच्या खिडकीतून निघायची. समोरची शिंपीणकाकू ती उचलायची, मग पुढची कंपाउंडरची बायको. नळाशी खेळणाऱ्या ताईच्या धाकट्या भावापर्यंत ती पोचायची, तेव्हा गळ्यागळ्यांतून ओवत आलेली असायची. गल्ली अरुंद, घरं बुटकी, खिडक्या समोरासमोर. हाक कुठे सांडायची नाही.

आता तो भाऊ नगरसेवक होता आणि त्याच माडीवर ताईसमोर बसून चहा गार करत होता. गल्ली संरक्षित वास्तूंच्या यादीत होती, म्हणून दर्शनी भिंती उभ्या होत्या, वर मजले चढले नव्हते. ती यादीतून काढावी, असा ठराव उद्या रहिवाशांच्या सभेपुढे यायचा होता. याआधी विरोधकांनी तो दोनदा आणला, तेव्हा ताई उभी राहून बोलली आणि ठराव पडला. या खेपेला तो भावानेच आणला होता.

ताई खुर्चीचा वेत विणत राहिली. तो सांगत होता, वरून दबाव आहे, तिकीट जाईल. लोकही कंटाळलेत, शिंपीणकाकूच्या सुनेला गळकं छप्पर बदलायची परवानगी मिळता मिळत नाही. यातलं काही खोटं नव्हतं. ताईचेही गुडघे त्या उभ्या जिन्याने खाल्ले होते. बाकीचे बोलून बोलून दमले होते. ती बोलली नाही तर कुणीच बोलणार नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

“तू फक्त घरी थांब,” तो म्हणाला. “गुडघे दुखतायत म्हण.”

“ते रोजच दुखतात. त्याला सभा कशाला हवी?”

तो हसला, लहानपणीसारखा, एका गालात. मग उठता उठता म्हणाला, “गल्लीत कोण माझं, कोण नाही, देव जाणे. तुझं मत तेवढं मला कधी मोजावं लागलं नाही, ताई. ते माझंच.”

ताईने वेत खाली ठेवला. पहिल्या निवडणुकीच्या पत्रकावर तो याच खिडकीखाली उभा होता. गेल्या खेपेच्या पत्रकावर नुसता त्याचा चेहरा होता, मागे गल्ली नव्हती. तरी ती पत्रकं तिने घरोघर वाटली होती, तोंडातून अवाक्षर न काढता.

“गेल्या खेपेला मी तुला मत दिलं नाही, बाळ्या,” ती म्हणाली. “आणि उद्या मी येणार आहे.”