निळा दोरा, पिवळा दोरा

मी एक जुना लाकडी फळा आहे, मित्रांनो. पण माझ्यावर खडूने कुणी कधी काही लिहिलं नाही. माझ्या अंगावर खिळे आहेत आणि त्यांना गुंडाळत गेलेले दोन लोकरी दोरे: निळा फिनलंडचा, पिवळा स्वीडनचा.

फिनलंडच्या सीमेवरच्या टोर्निओ गावातल्या शाळेत मी आलो एकोणीसशे अडुसष्ट साली. नदीपलीकडे स्वीडन. ओइवा सुताराने होडीच्या उरलेल्या फळ्या जोडून मला घडवलं. देशातल्या सगळ्यांची वर्षाची कमाई माणशी किती पडते, ते शाळेतल्या शिक्षिका सायमीबाई काढायच्या. महागाई वजा करून, दोन्ही देशांचा हिशेब एकाच चलनात आणून. मग कमाई जितकी जास्त तितक्या वर त्या पेन्सिलीने खूण करायच्या आणि ओइवा तिथे खिळा ठोकायचा. दर वसंतात हा सोहळा, वर कॉफी आणि वेलचीचे पाव!

सुरुवातीला निळा दोरा पिवळ्याच्या कितीतरी खाली होता. "घड्याळात तेवढे आपण त्यांच्या तासभर पुढे," ओइवा म्हणायचा, "बाकी सगळ्यात मागे!" पोरं खो खो हसायची. पण वर्षागणिक निळा वर चढत गेला. नव्वदच्या खिळ्याशी तो पिवळ्याला टेकायलाच आला. काय सांगू, मला कोण अभिमान वाटला! गावातली माणसं मुद्दाम बघायला यायची.

मग मंदी आली. ओइवा कामाला होता तो होड्यांचा कारखाना बंद पडला आणि ओइवा घरी बसला. दोन वर्षं तो शाळेत फिरकला नाही. बाईंनी खिळे ठोकायचं काम दुसऱ्या कुणाला दिलं नाही.

त्र्याण्णवच्या मार्चात नदीपलीकडच्या स्वीडिश शाळेचे पाहुणे यायचे होते. शाळा समितीचे अध्यक्ष काउप्पी म्हणाले, "बाई, दोरा नव्वदवरच थांबू द्या की. लोकांपुढे शोभा कशाला?"

"खोटा फळा लावला तर शोभा होईल," बाई म्हणाल्या. मला पायाने रेटायच्या घसरगाडीवर बांधून त्या बर्फातून थेट ओइवाच्या घरी गेल्या.

ओइवाची दाढी वाढलेली. "दुसरा कुणी बघा, बाई. मी आता कामाचा राहिलो नाही."

बाईंनी पेन्सिल काढली. दोन वर्षांच्या खुणा केल्या. पिवळ्या दोऱ्याच्या खुणा थोड्या खाली आल्या. निळ्याच्या पार घसरल्या.

"एवढं खाली?" ओइवा पुटपुटला.

"एवढं खाली. आता सांग, एकटा ओइवा नालायक निघाला म्हणून अख्ख्या देशाचा दोरा एवढा पडेल का रे?"

त्याने निळ्याच्या दोन्ही खुणांवरून बोट फिरवलं. मला रडू आवरेना. मग त्याने बायकोला हाक मारली, "अगं, माझी हातोडी कुठाय?"

पाहुण्यांच्या दिवशी तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याशेजारी उभा होता. पलीकडच्या मास्तरांनी निळ्या दोऱ्याकडे बघून हळूच विचारलं, "हे काय झालं?"

ओइवाने शेवटच्या, खाली घसरलेल्या खिळ्यावर बोट ठेवलं. "इथे मी आहे," तो म्हणाला, "आणि माझ्याबरोबर लाखो जण."

आता मी अडगळीत आहे, जुन्या स्कीच्या मागे. अंगावर धूळ आहे, असू दे. पण मित्रांनो, तुमच्या हाती कधी असा फळा आला, तर खालचा खिळा लाजेने वर ठोकू नका. घरात तोंड लपवून बसलेल्या कुणाला तरी तो बघायची फार गरज असते.