डावी बाजू वर

टक्. भाताच्या कुकरचं बटण वर उडालं आणि मी श्वास रोखून आतल्या खोलीकडे बघत राहिले. कोयोमी हलली नाही. साडेचार वर्षांची मुलगी अजून दुपारची झोपते, हे इथे अमेरिकेत, टॉरन्समधल्या इतर आयांना सांगितलं की त्या माझा हेवा करतात. पण ही झोप काठोकाठ भरलेल्या बशीसारखी, जरा धक्का लागला की सांडलीच. मला अजून तासभर तरी हवा होता.

टेबलावर माझं पुस्तक पसरलं होतं. अमेरिकेतलं पहिलं. प्रकाशकाकडून छपाईचे नमुने सकाळीच आले होते, बत्तीस पानं, आणि वर संपादक ब्रेंडाची चिठ्ठी: ‘नात्सुए, नीट बघून घे. उद्या दुपारी बारापर्यंत हो म्हणालीस की गेलं छापायला!’

गोष्ट साधी आहे. एक मुलगी उन्हाळ्याच्या सुट्टीत खेड्यातल्या आजीकडे जाते, दोघी अंगणात बसून कलिंगड खातात, ओबोनच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या, नाचाला जातात, आणि शेवटी मुलगी भातशेतीच्या बांधावरून एकटी चालत निघते. आजी म्हणजे माझी आई, जपानमधल्या निइगाताची. तिचा निळा सुती किमोनो, त्यावरची पांढरी फुलं, हसताना तोंडावर हात धरायची सवय, सगळं तिचंच. मार्चमध्ये तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. मी जाऊ शकले नाही, कोयोमी तापाने फणफणली होती. दवाखान्यात खाटेवर पडल्या पडल्या आईने आजूबाजूच्या बायकांना सांगून ठेवलं, “माझ्या मुलीच्या पुस्तकात मी आहे. छापून आलं की दाखवते तुम्हाला.” तेव्हापासून दर रविवारी फोनवर एकच प्रश्न, “आलं का गं माझं पुस्तक?” ‘माझं’ म्हणते ती. मला ते फार आवडतं.

या पुस्तकात आधी एक घोटाळा झाला होता, आणि तो माझाच होता. जपानमध्ये मी आठ वर्षं मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढली. तिथल्या गोष्टींत अक्षरं वरून खाली उतरतात आणि ओळी उजवीकडून डावीकडे सरकतात. पुस्तकही त्याच बाजूने उघडतं, आणि चित्रातली माणसं डावीकडे चालतात. पुढे जायचं म्हणजे डावीकडे जायचं. हे पुस्तक इंग्रजीत निघणार हे डोक्याला ठाऊक होतं, हाताला कुणी सांगितलंच नाही. सगळी पानं रंगवून पाठवली आणि ब्रेंडाचा फोन आला.

“चित्रं सुंदर आहेत गं, पण सगळे उलटे का चाललेत? पुस्तक सोडून पळून निघाल्यासारखे!”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीच म्हणाली, “अगं, काळजी करू नकोस. कॉम्प्युटरवर आरशासारखी फिरवून घेते.” मी तीनदा आभार मानले आणि चारदा माफी मागितली.

ती फिरवलेली चित्रं आता पुढ्यात होती. सगळे कसे शहाण्यासारखे उजवीकडे निघाले होते. तरी आजीकडे पाहिलं की काहीतरी खुपायचं. काय, ते सापडत नव्हतं. चूक शोधायला आपलं चित्र आरशात धरून बघायची आम्हा चित्रकारांची जुनी खोड, त्यामुळे उलटं चित्र माझ्या डोळ्यांना परकं वाटतच नाही.

दाराच्या जाळीवर नखांची खरखर झाली. मिसाओ-सान. शेजारच्या घरातल्या, त्र्याऐंशी वर्षांच्या, जपानी पण इथेच जन्मलेल्या. कोयोमीची झोप त्यांना पाठ आहे, म्हणून घंटी वाजवत नाहीत. परवा मी त्यांना उकडलेला भोपळा दिला होता, तो डबा परत आणला होता, आणि रिकामा कसा द्यायचा म्हणून त्यात त्यांच्या झाडाची लिंबं.

“निजली का राजकन्या?” असं कुजबुजत त्यांनी चपला काढल्या आणि थेट टेबलावर वाकल्या. एक पान बघितलं. दुसरं बघितलं. मग परत पहिल्याकडे वळल्या.

“काय गं,” त्या म्हणाल्या, “ही बाई कधी गेली?”

“कोण?”

“ही. कलिंगड खातेय ती.”

“अहो मिसाओ-सान, ती माझी आई आहे! चांगली हिंडतीफिरती आहे.”

“मग तिला पेटीत निजवायच्या वेळचं का नेसवलंस?”

मी पान जवळ ओढून पाहिलं. किमोनोची उजवी बाजू आधी अंगाला लागते आणि तिच्यावर डावी येते. बाई असो, बाप्या असो, पोर असो, सगळ्यांची. मेलेल्या माणसाला तेवढं उलटं नेसवतात. आरशाने माझ्या आईची उजवी बाजू वर आणली होती. एकात नाही, नऊ चित्रांत. दोन चित्रांत ती पाठमोरी होती म्हणून वाचली. नाचातली माणसं मी मुगाच्या दाण्याएवढी काढली होती, त्यांचे गळे दिसतच नव्हते, एवढीच कृपा.

“ओबोनला मेलेली माणसं घरी येतात, ते खरं,” मिसाओ-सान म्हणाल्या, “पण कलिंगड कापायला बसत नाहीत.” इथल्या देवळातल्या ओबोनच्या नाचासाठी दरवर्षी तीस-चाळीस पोरींना किमोनो नेसवणारी ही बाई. तिच्या नजरेतून काय सुटणार?

मी खुर्चीत बसले. “आता ब्रेंडाला कुठल्या तोंडाने सांगू? आधीच एकदा तिचं काम वाढवून ठेवलंय.”

“याच तोंडाने सांग. लाव फोन. आणि माफी मागायला लागलीस तर मी तो हिसकावून घेईन.”

ब्रेंडाने सगळं ऐकून घेतलं. मग समजुतीच्या सुरात म्हणाली, “नात्सुए, खरं सांगू? इथे कुणाच्या लक्षातही येणार नाही. मुलं कलिंगड बघतील गं.”

एरवी मी ‘बरं’ म्हणाले असते. सहा वर्षांत या देशात मी कुणाला ‘नाही’ म्हटलेलं मला आठवत नाही. लिंबाचा वास येत होता आणि मिसाओ-सान माझ्याकडे डोळे वटारून बघत होत्या.

“नाही,” मी म्हणाले. “माझ्या आईच्या लक्षात येईल. ती मरता मरता परत आलीय, ब्रेंडा. ती पुस्तक उघडेल आणि त्यात स्वतःला मेलेली बघेल.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

“किती चित्रं?” तिने विचारलं.

“नऊ. फक्त गळ्याचा आणि छातीचा भाग नव्याने काढून पाठवते. तू वर बसव.”

“उद्या बारापर्यंत?”

“उद्या बारापर्यंत,” मी म्हणाले. कसं, ते देवच जाणे.

छातीवरचा किमोनो मनाने काढला की खोटा दिसतो, त्याला खरं शरीर लागतं. मिसाओ-साननी काही न विचारता न्हाणीघरातून माझ्या नवऱ्याचा अंघोळीनंतरचा झगा आणला, ब्लाउजवरून चढवला, डावी बाजू ठसक्यात वर ओढली आणि कलिंगड धरल्यासारखे हात करून बसल्या. मी निळ्यात काळ्याचा थेंब टाकून आईच्या किमोनोचा रंग जमवत होते. पहिला गळा सुकेपर्यंत कोयोमी डोळे चोळत दारात उभी.

“मिसाओ-आजी, तुम्ही बाबांचा झगा का घातलाय?”

“मी आज तुझ्या निइगाताच्या आजीची छाती झालेय.”

कोयोमी हसून हसून जमिनीवर लोळली.

“हसतेस काय? जरा तो भात आण, छातीला भूक लागलीय. आणि तू गं नात्सुए, माझं पोट काढू नकोस त्यात!”

चौथ्या चित्राला माझं लक्ष आणखी एका गोष्टीकडे गेलं. “अगं बाई, ही डाव्या हाताने जेवतेय. जेवायच्या काड्या पण फिरल्या. हेही बदलावं लागणार.”

मिसाओ-सान जवळ येऊन बघत राहिल्या. “राहू दे,” त्या हळूच म्हणाल्या. “मी डावखुरी होते लहानपणी. आईने जेवताना हात बांधून सवय मोडली. एखादी आजी तरी जेवू दे निवांत.”

ते तसंच ठेवलं. पाच गळे त्या दिवशी झाले. माझा नवरा तोमोहिरो कामावरून आला, टेबलावरचा पसारा बघून त्याने उरलेल्या भाताचे वाकडेतिकडे गोळे वळले आणि मुलीला घेऊन बागेत गेला. चार गळे सकाळी केले. बाराला वीस मिनिटं असताना पाठवले. ब्रेंडाचं उत्तर आलं, ‘आता मलाही फरक दिसतोय. ती जास्त जिवंत वाटते.’ मी ते तीनदा वाचलं.

रविवारी संध्याकाळी, म्हणजे आईकडे सोमवार सकाळ, मी नवी पानं फोनसमोर धरली. आईने चष्मा लावला. तिला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. ती एकेक चित्र निरखत गेली आणि कलिंगडाच्या पानावर थांबली.

“नात्सुए.”

“काय, आई?”

“किमोनो छान नेसवलायस. पण ही छाती कुणाची? एवढी जाडी मी कधी होते?”

मी हसत सुटले. मिसाओ-सानची सगळी हकिगत सांगितली, उलट्या गळ्यासकट. आई तोंडावर हात धरून इतकी हसली की मला तिच्या टाक्यांची काळजी वाटली. “मेलेली राहण्यापेक्षा जाडी परवडली,” ती म्हणाली. “त्या बाईंना माझा नमस्कार सांग. आणि पुस्तकं दोन पाठव, एक त्या दवाखान्यातल्या बायकांना.”

फोन ठेवून मी पानं आवरायला लागले. शेवटच्या चित्राच्या दोन प्रती जमिनीवर शेजारी शेजारी पडल्या होत्या, मी काढलेली आणि छापून येणारी. कोयोमी मधोमध गुडघ्यांवर बसली होती. दोन्हींत तोच बांध, तेच हिरवं भात, मोठं आभाळ. एकीत मुलगी डावीकडे चालली होती, एकीत उजवीकडे.

“आई, ही तीच मुलगी?”

“तीच.”

“मग दोन्हीकडे कशी जातेय?”

“एकीकडेच जातेय. चित्र फिरवलंय फक्त.”

तिने एका मुलीवर एक बोट ठेवलं, दुसरीवर दुसरं, आणि दोन्ही बोटं बांधावरून हळूहळू चालवत पानाच्या कडेपर्यंत नेली. तिथे कागद संपत होता.

“ती घरी चाललीय ना?”

“हो.”

“मग तिचं घर कुठल्या बाजूला आहे, आई?”