पाच बायकांचं सूत

मिरान धाग्यांतून कलाकृती करायची. इंचॉन शहरात तिला लोक ओळखत. आई गेल्यावर कपाटाच्या तळाशी तिला एक गाठोडं सापडलं. आत मोशीच्या झाडाच्या सालीपासून काढलेल्या पिवळट सुताच्या नऊ गुंड्या. आई हान्सानची, आणि त्या गावात हे सूत घरोघरी निघायचं. सूत तिच्याच हातचं असणार असं मिरान धरून चालली. येत्या प्रदर्शनात काचेच्या पेटीत गुंड्या मांडायच्या, नाव द्यायचं 'आईचे हात', हेही ठरलं.

इतकं जुनं सूत हाताळायचं कसं, तेवढं विचारायला ती जुलैत हान्सानला गेली. आईची मैत्रीण पिलनाम मावशी आता ऐंशी ओलांडलेली. पडवीत बसून ती दातांनी साल चिरत होती. तिने गुंडी घेतली, टोक ओढलं, बोटांत फिरवून पाहिलं आणि हसली.

"हे तुझ्या आईचं नाही गं."

"असं कसं मावशी? तिनेच जपून ठेवलं होतं."

"जपलं तिने, केलं आम्ही. हा जोड उलटा वळलाय बघ. डावखुऱ्या गुमदानचा. हा जाडाभरडा माझा. घाई नडायची मला."

मग तिने सगळं सांगितलं. मिरान जन्मली आणि आईला तापाने धरलं. तीन महिने तोंड आलेलं. साल दातांत धरवेना. तेव्हा शेजारच्या पाचजणी रोज दुपारी तिच्याकडे बसायच्या आणि उघड्या गुडघ्यावर धागे वळून तिच्या वाटणीचं सूत जोडायच्या.

"आणि मी?"

"तू आळीपाळीने आमच्या मांड्यांवर. एकदा माझं अख्ख्या दुपारचं सूत भिजवून टाकलंस. आई बरी झाली, तोवर तुझ्या बापाला शहरात काम लागलं. माग इथेच राहिला, सूत विणायचं राहूनच गेलं."

आईचं म्हणून जे हाती धरलं होतं, त्यात आईचा एक धागाही नव्हता, याचं मिरानला आधी वाईट वाटलं. मग तिने गुंड्या एकेक करून पुन्हा हातात घेतल्या. शेचाळीस वर्षं आईने हे का टाकलं नाही, ते तिला आता कळत होतं.

"मावशी, मला हे विणायला शिकवाल?"

"प्रदर्शनाचं काय?"

"त्यात दुसरं काहीतरी मांडीन."

ती दोन महिने राहिली. सूत कोरडं पडलं की तुटतं, म्हणून दारं-खिडक्या बंद करून दमट खोलीत विणायचं. घामाच्या धारा लागायच्या. कमी पडलेलं सूत मिरानने स्वतः काढलं. ओठ फाटले, दात शिवशिवले. मावशी म्हणायची, "शहरातले दात. नुसते दाखवायचे."

पाचजणींतल्या दोघीच आता हयात होत्या. मागावरून कापड उतरल्यावर मिरानने दोन उन्हाळी सदरे शिवले. गुमदानला तिच्या मुलाच्या घरी जाऊन एक घातला, तेव्हा ती बराच वेळ बाहीवरून हात फिरवत राहिली.

पिलनाम मावशी मात्र कुरकुरली, "म्हातारीला कशाला नवं?" दुसऱ्या दिवशी सकाळीच ती सदरा घालून बाजारात गेली. घ्यायचं काहीच नव्हतं. मासळीवालीपाशी थांबली, तांदळाच्या दुकानापाशी थांबली, आणि कुणी विचारायच्या आत सांगत सुटली, "पोरीने विणलंय. आमची पोर."

पिशवी घेऊन मागून चालणाऱ्या मिरानने प्रत्येक दुकानापाशी कमरेत वाकून नमस्कार केला.