खाली बसणारा गॅस

तासगावच्या पुढं द्राक्षबागा विरळ होत जातात आणि माळ लागतो, तिथं लालासाहेबांचं बेदाण्याचं शीतगृह आहे. धनाजीनं उभी हयात त्या शीतगृहात पेट्या वाहिल्या. त्याची लेक पायल सांगलीला रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झाली आणि त्याच शीतगृहात मालाची प्रत तपासायला लागली, तेव्हा धनाजीनं सगळ्या हमालांना चहा पाजला. बाप पाठीवर पेटी घेऊन मागच्या दारानं आत यायचा, लेक पुढच्या दारानं. मध्येच गाठ पडली की धनाजी मुद्दाम सगळ्यांदेखत म्हणायचा, "मॅडम, बाजूला सरा. पेटी लागंल." पायल लाजून हसायची आणि खरंच बाजूला व्हायची.

त्या वर्षी परदेशातल्या एका खरेदीदारानं अट घातली. तुमची थंडीची यंत्रणा जुन्या गॅसवर चालते, तो ओझोनला घातक आहे, नवी बसवा मगच माल उचलू. लालासाहेबांचा मुलगा वीरधवल पुण्याहून इंजिनिअर होऊन आलेला. कारभार त्याच्याच हातात. त्यानं नवी यंत्रणा मागवली आणि जुनी उतरवायला मिरजेच्या दिलावर मेकॅनिकला बोलावलं. दिलावर त्या यंत्रांची दुखणीखुपणी काढत तिथंच म्हातारा झाला होता. धनाजीचा तर तो जिगरी दोस्त. ईदला डबा इकडं यायचा, भीमजयंतीला पुरणपोळी तिकडं जायची.

जुनी यंत्रं खोलायची तर आधी त्यांच्या पोटातला गॅस काढायला हवा. दिलावर म्हणाला, "साहेब, गॅस परत भरून घ्यायचं मशीन कोल्हापुरास्नं आणाय लागतंय. रिकाम्या टाक्याबी लागतील. दोन दिवस द्या."

"दोन दिवस कुठून आणू?" वीरधवल म्हणाला. "उद्या खरेदीदाराची माणसं येतायत. द्या सोडून हवेत."

पायल नमुन्याची ताटली घेऊन तिथंच उभी होती. तिला राहवलं नाही.

"सर, ज्या गॅसपायी आपण एवढी यंत्रणा बदलतोय, तोच हवेत सोडायचा? मग बदलली कशाला?"

आजूबाजूला चारसहा माणसं होती. वीरधवल हसला. "मॅडम, हा गॅस हवेपेक्षा तिप्पट जड असतो. जड वस्तू खाली बसते, हे शाळेतलं पोरगंसुद्धा सांगेल. तो ओझोनपर्यंत चढणार कसा? शिडी लावून?"

माणसं हसली. पायलचे कान तापले, पण ती मागं हटली नाही. तेवढ्यात आलेल्या चहाच्या ट्रेमधला एक कप तिनं उचलला.

"यात साखर टाकली तर आधी तळाला जाते ना? ढवळल्यावर राहते का तळाला? बाहेरची हवा सारखी ढवळली जात असते, सर. वाऱ्यात एकदा मिसळला की जड आणि हलकं असं काही उरत नाही. हा गॅस पावसानं धुतला जात नाही, लवकर विरतही नाही. वर्षं लागतात, पण त्यातला काही भाग वर पोचतोच. तिथल्या कडक किरणांनी तो फुटतो, त्यातलं क्लोरीन सुटतं आणि ओझोनला खात सुटतं. जुन्या फ्रिजमधल्या गॅसपेक्षा हा कमी वाईट. पण वाईटच."

कुणी हसलं नाही. दिलावरनं मान डोलावली. मागं पेटी खांद्यावर घेऊन धनाजी थांबला होता. लेक काय बोलली ते त्याला अर्धंमुर्धंच कळलं, पण मालकाच्या पोरासमोर ती अडखळली नाही, एवढं त्याला पुरेसं होतं.

संध्याकाळी घरी जाताना तो म्हणाला, "लय बोललीस आज. धाकल्या मालकाचं त्वांड बघितलंस का?"

"खरं तेच बोलले आबा."

"खरंच गं. पर खरं बोलायचं तर जरा दमानं बोलावं." आणि थोडं चालून झाल्यावर, न राहवून, "साखरंचं मातर झ्याक सांगितलंस."

दुसऱ्या दिवशी खरेदीदाराची माणसं आली. वीरधवल त्यांना घेऊन अंगणात फिरत होता. गॅस हवेत सोडायचा हुकूम बदलला नव्हता, म्हणून दिलावरनं नळी अंगणात आणली होती, पण वीरधवलनं लगबगीनं येऊन त्याला अडवलं. गॅस सुटताना फुसफुस होते, पांढरं धुकं उठतं. पाहुण्यांच्या नजरेला पडलं तर सगळं मुसळ केरात. "नळी आतच ठेवा, मशीनच्या खोलीत. दार ओढून घ्या. जेवणं होईपर्यंत निवळेल."

"आत कोंडंल साहेब."

"करा म्हटलं ते करा, दिलावर."

दिलावरनं केलं. नळी आत टाकली, झडप उघडली, दार ओढलं आणि तो मागच्या सावलीत डबा खायला बसला.

मशीनच्या खोलीत एका कोपऱ्यात पुरुषभर खोल खड्डा होता. पाण्याची मोटार त्यात बसवलेली, उतरायला लोखंडी पायऱ्या. खड्ड्यात कायम पाणी साचायचं. पाहुणे जेवून उठले की त्यांना मशीनची जागा दाखवायची, म्हणून वीरधवलनं जाता जाता धनाजीला हाक मारली. "तो मोटारीचा खड्डा तेवढा उपसून ठेवा. घाण दिसायला नको." आत काय सोडलंय हे सांगायचं त्याच्या ध्यानातही आलं नाही. धनाजी बादली घेऊन गेला. खोलीत ना वास, ना धूर. फुसफुस थांबलेली. तो खड्ड्यात उतरला.

दिलावर डबा खाऊन परत आला, तर दार सताड उघडं. त्यानं खड्ड्यात वाकून पाहिलं. धनाजी खाली भिंतीला टेकून बसला होता, हनुवटी छातीला लागलेली, जसा काही डुलकी घेतोय. दिलावरनं श्वास कोंडून खाली उडी मारली, काखेत हात घालून त्याला पायरीपर्यंत ओढलं, स्वतः भोवंडून वर आला, ओरडला, पुन्हा उतरला. माणसं धावली. पायल अंगणात पाहुण्यांना बेदाण्याचा रंग दाखवत होती. ती पोचली तेव्हा धनाजीला जमिनीवर आडवं घातलं होतं. तिनं बापाच्या तोंडाला तोंड लावून हवा भरली, छाती दाबली, पुन्हा हवा भरली. गाडी आली. सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी नाडी बघितली आणि हात बाजूला घेतला.

धनाजीच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला लालासाहेब स्वतः वस्तीत आले. पांढऱ्या कपड्यातल्या माणसांत खुर्चीवर बसले. "धनाजी म्हंजी माझा उजवा हात हुता," ते बाळाबाईला म्हणाले. धनाजीची बायको खाली मान घालून ऐकत होती. मग ते पायलकडं वळले. "तुमच्या लोकांत शिक्षण लय हाय, चांगलं हाय. पर पोरी, शिकल्याल्या माणसानं डोकं थंड ठेवावं. हार्टच बंद पडलं त्येचं. वयच हुतं."

"हार्ट नाही. गॅस होता खड्ड्यात," पायल म्हणाली.

लालासाहेब उठले, बुद्धमूर्तीला हात जोडले आणि गेले.

पायलनं तक्रार दिली. चौकशीला एक साहेब आले, पोलीस आले. शीतगृहाच्या ऑफिसातच सगळे बसले. शवविच्छेदनात गॅस सापडला नव्हता. तो सापडतही नाही, अंगात काही मागं ठेवत नाही. गुदमरल्याच्या खुणा होत्या, पण त्या हार्टच्या माणसातही दिसतात, असं कुणीतरी लिहिलं होतं.

वीरधवल शांत आवाजात बोलला. गॅस सोडला, हे त्यानं कबूल केलं. पण अंगणात, उघड्यावर. "आणि समजा आत सोडला असता, तरी तो खड्ड्यात कसा राहील, साहेब? हा गॅस वर जातो. पार ओझोनपर्यंत जातो. मी सांगत नाही. आमच्या पायल मॅडमनीच आदल्या दिवशी सगळ्यांसमोर समजावून सांगितलं. रसायनशास्त्र झालंय त्यांचं. विचारा हवं तर."

साहेबांनी पायलकडं पाहिलं. "तुम्ही असं म्हणाला होता?"

"म्हणाले होते. पण ते उघड्यावरचं..."

"गॅस वर जातो, असं म्हणाला होता की नाही?"

"हो. मोकळ्या हवेत वाऱ्यानं मिसळतो आणि हळूहळू वर जातो. बंद खोलीत वारा नसतो. तिथं तो जड असल्यामुळं खाली बसतो, पाण्यासारखा खड्ड्यात भरतो आणि श्वासाची हवा वर ढकलतो. दोन्ही खरं आहे, साहेब."

"बाई, मला एक काय ते सांगा. वर जातो की खाली बसतो?"

पायलनं पुन्हा सांगायला सुरुवात केली. आपला आवाज चढतोय, हे तिला कळत होतं. समोरचा माणूस लिहायचा थांबून खिडकीबाहेर बघत होता. वीरधवल मात्र तिच्याकडंच बघत होता. त्याला सगळं नीट कळत होतं. त्या खोलीत तिचं बोलणं कळणारा तो एकटाच होता.

मग दिलावरला विचारलं. नळी कुठं होती? दिलावरनं टोपी काढून हातात घेतली. "अंगणात हुती, साहेब." एवढंच बोलून त्यानं अंगठ्यानं डोळा पुसला.

चौकशी मिटली. पायलनं नोकरी सोडली. एकदा ती मिरजेला दिलावरच्या दुकानावर गेली. तो तिला बघून उठला, स्टूल पुसून दिलं.

"दिलावरचाचा, तुम्ही दोनदा खड्ड्यात उतरला आबासाठी. जीव गेला असता तुमचा."

"व्हय."

"मग तिथं तेवढं का नाही बोललात?"

दिलावरनं हातातला पाना खाली ठेवला. "उतरताना इचार केला न्हाई, बेटी. बोलताना केला. झडप मी उघडली हुती. नळी आत हुती म्हणालो आसतो तर आत मी गेलो आसतो, धाकलं मालक न्हाई. त्येंनी तसंच सांगितलं मला चौकशीच्या आदल्या दिवशी." त्यानं मान वर केली. "मला शिव्या दे. धनाजीच्या घरात आता माझं पाऊल न्हाई पडायचं."

पायलनं शिव्या दिल्या नाहीत. त्याचा रागही धड येईना, हेच तिला जास्त लागलं. येताना एसटीत तिला सारखं एकच आठवत होतं. त्या दिवशी कप हातात घेऊन ती आभाळाचं बोलली. जड आहे, खाली बसतो, हे वीरधवल तोंडानं म्हणाला तेव्हा खाली काय आहे, कोण आहे, हे एकदासुद्धा तिच्या डोक्यात आलं नाही. तिला जिंकायचं होतं, आणि ती जिंकली होती.

पुढं मेढ्याला एका शाळेत तिला विज्ञान शिकवायची नोकरी लागली. ती आईला न्यायला आली. बाळाबाई घरात नव्हती. शेजारणीनं सांगितलं, शीतगृहात बेदाणा निवडायला जाती की. लालासाहेबांनी बोलावून काम दिलंय.

पायल तशीच माळावर गेली. फाटकावर नवा हिरवा फलक होता, ओझोनस्नेही शीतगृह, आणि त्याच्या कडेला एक फूल काढलेलं. मशीनच्या खोलीला नवा रंग दिला होता. बाळाबाई बायकांच्या रांगेत पहिलीच, फाटकासमोर बसली होती.

"आई, इथं? यांच्या दारात?"

"बस खाली," बाळाबाई म्हणाली. तिचे हात काड्या वेचत होते. "मीच मागून घेतली ही जागा. धाकल्या मालकाची गाडी रोज हितनं जाती. जाता-येता त्येला मी दिसाय पायजे. धनाजीची बायकू दिसाय पायजे. पोलिसानं न्हाई केलं, साहेबानं न्हाई केलं, मी करीन म्हटलं."

पायल तिच्याजवळ बसली. आईच्या या हट्टापुढं तिला आपली सगळी कागदं आणि तक्रारी थिट्या वाटल्या. "मग? बघतो का तो?"

"पयल्यांदा न्हाई बघायचा. काच वर करायचा, मान तिकडं फिरवायचा. मला बरं वाटायचं. घरी जाऊन भाकरी ग्वाड लागायची."

"आणि आता?"

तेवढ्यात फाटकातून गाडी आत आली. बायकांनी पदर सावरले. गाडी रांगेपाशी हळू झाली, काच खाली आली. वीरधवलनं पायलला ओळखलं, किंचित मान लववली, आणि मग रोजच्या, मोकळ्या आवाजात विचारलं, "काय बाळाबाई, बरं आहे ना?"

"बरं हाय," बाळाबाई म्हणाली.

गाडी आत गेली. बाळाबाईनं पुढची ताटली ओढून घेतली.