आधी पाय, मग नाव

आईच्या स्मरणसभेत काय बोलायचं ते माझं ठरलं होतं. आईच्या मंडळातल्या कमलमावशीचं नाव घ्यायचं, तिने माझ्याबद्दल काय पसरवलं ते सगळ्यांपुढे सांगायचं आणि खाली बसायचं. आवाज चढवायचा नाही. मला ते जमलं असतं.

आखाडा बाळापूरच्या आमच्या छोट्या चर्चमध्ये भगिनी मंडळाची सभा आई चालवायची. दर गुरुवारी दुपारी बायका जमत. गीत होई, शास्त्रवाचन होई, मग विनंत्या. कुणासाठी प्रार्थना करायची ते एकेकीने सांगायचं. चर्चमध्ये वाढलेल्या कुणालाही ठाऊक असतं की अर्धीअधिक चुगली याच दाराने आत येते. बाई डोळे मिटते, आवाज मऊ करते आणि म्हणते, अमकीची सून निघून गेली म्हणे, तिच्यासाठी प्रार्थना करा. चुगली केल्याचा दोषही लागत नाही, वर सगळ्यांचं आमेन मिळतं.

आईने त्यावर एक नियम केला होता. जिचं नाव घेतलंस तिच्या घरी जाऊन आलीस का, एवढंच ती विचारायची. समोरची नाही म्हणाली की आई उठून चपला घालायची आणि अख्खी सभा तिच्यामागे निघायची. जीभ देवाच्या ताब्यात द्यायची तर सुरुवात पायांपासून करावी लागते, असं तिचं म्हणणं होतं. एकदा मार्थाबाईची सून माहेरी पळाल्याची विनंती आली. सभा त्यांच्या अंगणात पोचली, तर सून उकडलेली हळद पसरत होती. आता परत तरी कसं फिरायचं? त्या दिवशीची प्रार्थना हळद पसरता पसरता झाली आणि सगळ्या जणी पिवळे हात घेऊन घरी गेल्या.

शेवटचे काही महिने आई माझ्याकडे नांदेडला होती. डायलिसिस सुरू होतं. इकडची सभा तेव्हा कमलमावशी चालवत होती. तिथेच तिने विनंती ठेवली की शिलाबाईच्या पोरीने, म्हणजे मी, घर नावावर करून घ्यायला आईला नेऊन ठेवलंय, त्या पोरीचं मन पालटावं म्हणून प्रार्थना करा. सभेतल्या कुणीतरी फोन करून ते आईला सांगितलं. आई दवाखान्याच्या खाटेवर होती. तिने फोन बाजूला ठेवला, माझ्याकडे पाणी मागितलं आणि त्यावर एक शब्द बोलली नाही. जे काही कळलं ते मला नंतर, गावातूनच कळलं. आई गेली, तरी गावाच्या लेखी मी तीच पोरगी राहिले.

स्मरणसभेच्या दिवशी सकाळी चर्चचे पाळक प्रेमानंद घरी आले. तू बोलशील ना, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांना दारापर्यंत सोडायला गेले तेव्हा उंबऱ्याशी आईच्या चपला दिसल्या, टाचेकडे झिजलेल्या. त्या मी अजून हलवल्या नव्हत्या. मग लक्षात आलं की मी आज एक नाव घेणार आहे आणि त्या घरी गेलेली नाही.

मी माझ्या चपला घातल्या.

कमलमावशी अंगणात बसून वाळलेली हळद निवडत होती. मी चर्चमधल्या रीतीने सलाम म्हटलं. तिने पदराला हात पुसले, बस म्हणाली. मी उभीच राहिले. सभेत तुम्ही माझं नाव घेतलं, मी म्हटलं. घर मी कधी मागितलं नाही, ते अजून आईच्याच नावावर आहे.

"आमी तं प्रार्थनाच केली, बाई."

"नाव घेण्याआधी माझ्याकडे यायचं होतं, मावशी."

"नांदेड काय जवळ हाय का?"

"आईला ही बातमी सांगायला फोन पुरला. मला विचारायलाही पुरला असता."

तिने एक हळकुंड उचललं, पुन्हा खाली ठेवलं. मग विचारलं, "आज सगळ्यांपुढं काढणार का हे?"

मी उत्तर देणार तोच आतून पाणी घेऊन सपना आली, मावशीची लेक. ती हट्टा गावी दिलेली. शिवणाचा क्लास करायला माहेरी आलीय, असं गावात वर्षभर सांगितलं जात होतं. तिच्या गळ्यात मंगळसूत्र नव्हतं.

"शिलामावशी बाजाराच्या दिवशी यायच्या," ती तांब्या पुढे करत म्हणाली. "मी रडायची. त्या नुसत्या बसून राहायच्या. लई बरं वाटायचं, ताई."

मावशीचा चेहरा उतरला. "तुला माहीतच असंल," ती हळूच म्हणाली. "तिनं सांगितलं असंल."

आईने मला काहीच सांगितलं नव्हतं. सुट्टीत मी घरी असायचे तेव्हा ती बाजाराला म्हणून निघायची आणि रिकामी पिशवी घेऊन परत यायची. मी तिला चिडवायचे, बाजार काय तोंडाने केलास का म्हणून. ती हसायची. त्या दिवशी दवाखान्यात फोन तिच्या हातात होता आणि सपनाचा संसार मोडल्याचं तिला ठाऊक होतं. एका वाक्यात मावशीला गप्प करता आलं असतं. तिने पाणी मागितलं.

"नाही," मी म्हटलं. "आई काही बोलली नाही. आणि मला जे सांगायचं होतं ते तुम्हाला सांगून झालं, मावशी. आता ते सभेत न्यायचं कारण उरलं नाही."

सपनाच्या हातचं पाणी मी उभ्याउभ्याच प्यायले.

दुपारी चर्च भरलं होतं. माझी पाळी आली तेव्हा मी हळदीच्या दिवसाची गोष्ट सांगितली. लोक हसले, मार्थाबाईची सून सगळ्यांत मोठ्याने. मी खाली बसले. मनात काही राहून गेल्यासारखं वाटत नव्हतं.

मग मागच्या ओळीतून कमलमावशी उठली.

"शिलाबाईच्या पोरीनं घर मागितलं, असं मी बोलले व्हते," ती म्हणाली. "मी तिला इचारलं न्हाई. ते खरं न्हाई."

एवढं बोलून ती बसली. पाळक प्रेमानंदांनी पुढच्या गीताचा क्रमांक सांगितला.

जेवणं उरकल्यावर बायका चर्चबाहेरच्या मांडवात टेकल्या होत्या. मार्थाबाईने डोळे मिटले आणि मऊ आवाजात सुरुवात केली की कळमनुरीच्या पल्लवीचं म्हणे काही खरं नाही, तिला प्रार्थनेत ठेवा. माझा हात आपसूक सतरंजीच्या कडेला चपला चाचपू लागला. कमलमावशी त्याआधीच उभी राहिली होती.

"कळमनुरीची बस किती वाजता हाय?" तिने विचारलं.