बाजेखालचं धुपाटणं

मी एक जुनं, मातीचं धुपाटणं आहे. हो हो, तेच! तेलही गेलं, तूपही गेलं आणि हाती काय आलं, तर मी. मित्रांनो, ही म्हण ज्यानं काढली त्यानं मला कधी दिवेलागणीला पाहिलेलं नसणार. नाहीतर मी हाती आल्याचं त्याला इतकं वाईट वाटलंच नसतं!

पोखर्णीच्या नरसिंहाच्या यात्रेत एका कुंभारणीनं मला पोत्यावर मांडलं होतं, पणत्या आणि बोळक्यांच्या मधोमध. जाड बूड, पसरट तोंड, धरायला दांडी. विजयमालाबाईंनी मला बोटाच्या पेरानं वाजवून पाहिलं. मी खणखणीत वाजलो आणि त्यांच्या पिशवीत बसून घरी आलो.

ते दिवस काय सांगू तुम्हाला! संध्याकाळी चुलीतले बाभळीचे निखारे माझ्यात पडायचे आणि वर चिमूटभर ऊद. विजयमालाबाई मला घेऊन घरभर फिरायच्या, गोठ्यात जायच्या आणि शेवटी मला ओट्यावर ठेवायच्या. त्यांची लेक प्रियंका तेव्हा लहान होती. वीज कडाडली की तिच्या छातीत धडधडायचं. मग आई तिला मांडीवर घेऊन माझ्याजवळ बसायची, केसांतून हात फिरवायची. माझा मंद वास, अंगणातून येणारी झुळूक, आणि पोर गाढ झोपलेली. मला वाटायचं, ही सगळी जादू आपलीच!

पुढं घरात गॅस आला. चूल गेली, तिच्याबरोबर निखारेही गेले. देवापुढं पुड्यातल्या अगरबत्त्या लागू लागल्या आणि मी गेलो माळ्यावर. माझ्या पोटात कुणी खिळे टाकले, कुणी उडालेला बल्ब. एकदा तर तुटक्या चपलेचा अंगठासुद्धा. धुपाटण्याच्या पोटात चपलेचा अंगठा! पण तक्रार करायला माझ्याजवळ होतं कोण? एक पाल. आणि ती फक्त चुकचुकायची.

अशी बरीच वर्षं गेली. प्रियंकाचं लग्न झालं, ती देवगाव फाट्याला नांदायला गेली आणि ऐन थंडीत पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. गोरीपान मुलगी झाली. बाळंतिणीचं सगळं करायला दगडाबाई आत्या आल्या. या प्रियंकाच्या वडिलांच्या, म्हणजे किशनरावांच्या, थोरल्या बहीण. किशनराव स्वतः घराचे मालक, पण बहीण उंबऱ्यात दिसली की तेसुद्धा हळू बोलायचे. आत्यांनी आल्या आल्या माळा धुंडाळायला लावला, मला खाली काढलं, राखेनं घासलं आणि म्हणाल्या की असलं जाड बुडाचं धुपाटणं आता बाजारात मिळत नाही. मित्रांनो, मी इतका फुगलो, इतका फुगलो, की तिथंच तडकलो नाही हे नशीब.

मग मी ती खोली पाहिली.

धान्याची पोती हलवून तिथं बाज टाकली होती. खोलीला एकच खिडकी, आणि तिच्यात आत्यांनी बारदाना कोंबलेला. दाराला आतून जाड चादर. ओल्या बाळंतिणीला वारं लागलं तर जन्माचं दुखणं मागं लागतं, असं आत्यांचं म्हणणं होतं. प्रियंकाच्या कानांना रुमाल बांधला, पायात मोजे घातले, डोळे अधू होतील म्हणून फोनही काढून घेतला. बाळंतिणीच्या पाण्यासाठी अंगणात मांडलेल्या चुलीतले निखारे माझ्यात घातले आणि मला सरळ बाजेखाली सारलं. निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशोपा, वेखंड. दार लागलं.

माझा धूर वर गेला, पत्र्याला लागला आणि परत खाली आला. त्याला जायला वाटच नव्हती. दिवसभर मी माझाच धूर पीत बसलो. मला दिसायचं काय, तर बाजेच्या सुंभाची खालची बाजू आणि कधीतरी खाली आलेले प्रियंकाचे पाय. दिवस कधी उगवला, कधी मावळला, ते तिलाही कळत नव्हतं आणि मलाही.

थोड्याच दिवसांत प्रियंकाला काहीतरी होऊ लागलं. बाळ झोपलं तरी ती झोपायची नाही. उगीच रडायची. छातीत धडधडतंय म्हणायची, भिंती जवळ आल्यासारख्या वाटतात म्हणायची. आत्यांनी निदान करून टाकलं की पोरीला भेव बसलंय आणि भेवावर ऊदासारखं औषध नाही. मग ओव्यावर ऊद, ऊदावर राळ. मीसुद्धा जीव तोडून धुमसलो. लहानपणी हिची भीती मीच घालवली होती ना? पण मी जितका धुमसायचो, तितका तिचा श्वास वर अडकायचा.

एक गोष्ट मात्र कुणाला दिसली नाही, फक्त मला कळली. आत्या बाहेर गेल्या की प्रियंका पाय खाली सोडून अंगठ्यानं मला लोटायची. थोडं थोडं, दाराकडं. आत्या परत आल्या की हातातल्या चिमट्यानं मला आत सारायच्या. दोघींच्या मध्ये मी असा रोज जायचो-यायचो. मला ओरडून सांगावंसं वाटे, अहो, ती लोटतेय, तेवढं तरी बघा! पण मी पडलो मातीचा.

मग एक दिवस बाळ खोकायला लागलं. खोकता खोकता त्याचा चेहरा लालबुंद झाला. आत्या लगबगीनं आल्या, पण हातात काय, तर ऊदाची आणखी एक मूठ. दृष्ट लागली असणार, त्यांचं चाललंच होतं.

"आत्या, बस करा," प्रियंका म्हणाली.

"बाळंतिणीनं असं बोलू न्हाई गं. गप पड."

प्रियंका उठली. उशाचा पाण्याचा तांब्या घेतला, खाली वाकून मला बाजेखालून बाहेर ओढलं आणि सगळं पाणी माझ्यात ओतलं. टच्च! माझ्या अंगातून चीर चालत गेली, तोंडापासून बुडापर्यंत. आवाज ऐकून विजयमालाबाई धावत आल्या. मी चिरलो होतो, पण मित्रांनो, मला त्या वेळी माझं काही वाटलंच नाही. मी फक्त त्या माऊलीकडं पाहत होतो. ही आता लेकीला रागवली, तर लेक परत कधीच तोंड उघडणार नव्हती.

प्रियंका म्हणाली, "आई, मला बाहेरचं कायच भेव न्हाई. मला ह्या दाराचं भेव वाटायलंय. तू दार लावून गेलीस की वाटतंय, आता हे कुणी उघडायचंच न्हाई."

आत्या म्हणाल्या की वारं लागलं तर पुन्हा आम्हाला बोल लावू नका. विजयमालाबाई लेकीजवळ गेल्या. त्या बाजेच्या कडेला बसल्या. बसल्या तशा धुरानं त्यांच्याच डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पदरानं पुसलं, तरी वाहतच राहिलं.

"मलाबी असंच व्हायचं, तुझ्या येळंला," त्या हळूच म्हणाल्या. "पण मला कुणी इचारलंच न्हाई. मग मी बी तुला इचारलं न्हाई."

आणि त्या उठल्या. दोन्ही हातांनी बारदाना ओढला. तो सुटेना, तेव्हा पाय भिंतीला लावून ओढला. खिडकीतून उन्हाचा पट्टा आत आला आणि इतके दिवस कोंडलेला माझा धूर असा काही पळाला, की शाळा सुटली जणू!

दुसऱ्या दिवशी प्रियंकाला आणि बाळाला परभणीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण बाईंनी बाळाची छाती तपासली, ती ठीक निघाली. बाळाच्या खोलीत कसलाही धूर नको, असं त्यांनी बजावलं. प्रियंकाला बसवून सगळं विचारलं. बाळंतपणानंतर अशी भीती पुष्कळ जणींना वाटते, त्यात लपवण्यासारखं काही नाही, ती बरी होते, म्हणाल्या आणि पुन्हा बोलायला बोलावलं. प्रियंका अजूनही जाते. एका झटक्यात सगळं पळालं, असं मी खोटं सांगणार नाही. कधी कधी अजून तिच्या छातीत धडधडतं. पण आता ती ते सांगते.

माझ्याभोवती किशनरावांनी तार आवळली. आता मी ओट्यावर असतो. संध्याकाळी बाळ आत आजोबांजवळ असलं की मायलेकी माझ्यात चिमूटभर ऊद टाकतात आणि गप्पा मारत बसतात. आत्याही येतात. "निम्मा वास तर शेजारच्या कमलबाईच्या घरात चाललाय, तिच्याकडून ऊद आणायला पाहिजे," असं पुटपुटतात आणि सगळ्यांत जास्त वेळ त्याच बसतात.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी घाबरलेलं असेल, गप्प झालेलं असेल, तर मला जरूर पेटवा. पण आधी खिडकी उघडा आणि त्या माणसाजवळ बसून त्याला काय होतंय ते विचारा. ते काम मला जमत नाही. मला तोंड आहे खरं, पण त्यातून फक्त धूरच निघतो.