दोन काळ्या मुठी

मी एक जुना लाकडी कॉकपिट आहे. नुसता कॉकपिट, मित्रांनो. मला पंख नाहीत, शेपूट नाही आणि इंजिन तर नाहीच नाही. विमानांच्या कारखान्यात सुतारकाकांनी मला प्लायवूडमध्ये घडवलं. वैमानिकाची जागा आधी लाकडात करून बघायची आणि मग पलीकडच्या शेडमध्ये तीच धातूत करायची, अशी तिथली पद्धत होती. म्हणजे माझ्यात बसून कोणी चुकलं, तर काही होत नाही. तीच चूक पुढे आकाशात झाली तर माणूस जातो. हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं आणि तेव्हापासून मी भित्रा आहे. लपवून काय करू? पलीकडे पत्र्यांत रिव्हेट, म्हणजे जोडखिळे, ठोकायला लागले की माझी फळी न फळी थरथरायची.

सुतारकाकांचा मात्र माझ्यावर भारी जीव. माझ्या कडा पॉलिश पेपरने घासून त्यांनी अशा गुळगुळीत केल्या की वैमानिकाच्या बाहीचा धागासुद्धा अडकू नये. मुख्य अभियंता, म्हणजे आमचे मोठे साहेब, मला तपासायला आले. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हाताने एकेक बटण दाबून बघितलं, अगदी निवांत, खाली बघत बघत. "छान! कसं नीटनेटकं दिसतंय," असं म्हणून त्यांनी सही केली. मी तेव्हा फुशारलो होतो. आज आठवलं की लाज वाटते.

बसणाऱ्याच्या उजव्या हाताशी दोन दांडे होते, अगदी शेजारी शेजारी. एक ओढला की विमानाची चाकं पोटात जातात. दुसरा ओढला की फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या, वर होतात. विमान नुकतंच जमीन सोडतं तेव्हा त्याला त्या पट्ट्यांचा आधार असतो. त्या क्षणी चाकांऐवजी पट्ट्या वर घेतल्या, तर विमान खाली आदळतं. आणि दोन्ही दांड्यांना मुठी होत्या सारख्याच, गोल आणि काळ्या. साहेबांना ती जोडी फार आवडायची.

पहिलं उड्डाण कॅप्टनबाई करणार होत्या. रोज सकाळी बाई आणखी दोन वैमानिकांबरोबर सरावाला येत. हातात मोजे, डोक्यावर हेल्मेट, नजर समोर. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःलाच हुकूम सोडला, "चाकं वर!" आणि हात गेला फ्लॅपच्या मुठीवर. ओढलीसुद्धा. बाईंनी पटकन इकडेतिकडे बघितलं. कोणी पाहिलं नव्हतं. दांडा परत जागेवर ठेवून त्यांनी कागदावर लिहिलं, "काही अडचण नाही."

सगळेच वैमानिक तसं लिहीत. ज्याने अडचण लिहिली, त्याचं नाव उड्डाणाच्या यादीत खाली सरकायचं. मग कोण कशाला लिहील?

दुसऱ्या दिवशी बाईंनी खिशातून चिकटपट्टीची गुंडाळी काढली आणि चाकांच्या मुठीला चार वेढे दिले. आता मोज्यातूनही फरक कळायला लागला. पुढचे चार दिवस हात एकदाही चुकला नाही. माझा जीव भांड्यात पडला.

पण कारखाना बघायला मोठी पाहुणेमंडळी यायची होती. साहेबांनी आदल्या दिवशी फेरी मारली. "हे काय चिकटवलंय? काढा, काढा. शोभतं का हे?" पाच मिनिटांत पट्टी निघाली. बाई तिथेच उभ्या होत्या. त्यांनी गुंडाळी खिशात आणखी खोल ढकलली. पुढच्या सरावाला हात पुन्हा चुकला आणि उड्डाणाला उरले होते आठ दिवस.

मित्रांनो, ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. मला तोंड नाही. करकरण्यापलीकडे मला काही येत नाही आणि करकरलो की सुतारकाका स्क्रू आवळून जात. रोज बाई बसायच्या, रोज मला वाटायचं, आता चुकतील. पलीकडच्या शेडमध्ये खऱ्या दांड्यांवर त्याच काळ्या मुठी बसवल्याचं कामगारांच्या बोलण्यातून कळलं, तेव्हा माझी पाचावर धारण बसली.

अशात साहेबांच्या हाताखाली डिझाइनच्या कामावर एक नवे गृहस्थ आले. त्यांनी आधी प्रेशर कुकरचे दांडे डिझाइन केले होते. झालं! सगळे त्यांना 'कुकरवाले' म्हणायला लागले. "आता विमानाला शिट्टी लावणार वाटतं," असं म्हणून कामगार खिदळले. कुकरवाले स्वतःही हसले. मग स्टूल घेऊन माझ्या शेजारी बसले ते बसलेच. कोणाला काही विचारलं नाही. नुसते हातांकडे बघत राहिले.

तिसऱ्या दिवशी त्यांनी चाकांच्या मुठीवर बोट फिरवलं. बोट चिकटलं. पट्टी गेली होती, पण तिचा डिंक राहिला होता आणि त्यात मोज्याची लव अडकली होती.

"कॅप्टन, इथे काहीतरी गुंडाळलं होतं ना तुम्ही?"

बाईंचा चेहरा उतरला. "हे लिहू नका. प्लीज. आठ वर्षं वाट बघितलीय मी या उड्डाणाची."

"आणि वर गेल्यावर चुकलात तर?"

"रोज तोच विचार करते," बाई म्हणाल्या. "घरी नळ सोडतानासुद्धा हात थबकतो माझा. भीती वाटते हो."

त्याही घाबरल्या होत्या! मला वाटत होतं, एवढ्या मोठ्या कारखान्यात भित्रा मी एकटाच.

"नाव कोणाचंच लिहीत नाही," कुकरवाले म्हणाले. "मूठ चुकलीय एवढंच लिहितो."

दुपारी ते साहेबांना घेऊन आले. "साहेब, जरा बसता का?"

"मी? अहो, हे सगळं मीच तर आखलंय!"

"म्हणूनच म्हटलं."

साहेबांना मोजे आणि हेल्मेट घातलं. दोन कामगारांनी मला गदागदा हलवलं, तिसऱ्याने भोंगा वाजवला. "खाली बघायचं नाही साहेब! वेग सांगा! उंची सांगा! चाकं वर!" साहेबांनी झटक्यात दांडा ओढला. फ्लॅपचा.

भोंगा थांबला. मला वाटलं, आता साहेब चिडणार आणि मला मोडून जळणात घालणार. साहेब म्हणाले, "पुन्हा." पुन्हा तेच झालं. त्यांनी हेल्मेट काढलं, कपाळावरचा घाम पुसला आणि हळूच म्हणाले, "सुतारकाकांना बोलवा."

काकांनी दोन दिवस खपून दोन नव्या मुठी कोरल्या. चाकांची मूठ चाकासारखी, कडेला खाचा असलेली. फ्लॅपची मूठ चपटी. तशाच धातूच्या घडवून खऱ्या विमानात बसवल्या.

उड्डाणाच्या दिवशी पलीकडे इंजिन गरजलं. आवाज दूर गेला. मग काहीच ऐकू येईना. ती पाऊण तासाची शांतता माझ्या जन्मात मी विसरणार नाही. आवाज परत आला तेव्हा मी एवढा करकरलो की काका धावत आले.

बाई सरळ माझ्याकडे आल्या. मागून साहेब, कुकरवाले आणि ते दोघे वैमानिक. साहेब म्हणाले, "अभिनंदन! काही अडचण?"

बाईंनी मोजे काढले. "हो. जमीन सोडल्यावर माझा हात फ्लॅपवरच गेला होता. सवयीने. हाताला चपटं लागलं म्हणून थांबले."

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. एक वैमानिक खाली बघत म्हणाला, "माझाही जायचा, साहेब. दोनदा गेला होता."

"माझा चारदा," दुसरा पुटपुटला.

मित्रांनो, आता मी गोदामात धूळ खात पडलो आहे. जागेचीही तक्रार नाही आणि धुळीचीही नाही. एकच मागणं आहे. कोणाचा हात चुकला तर त्याला हसू नका, यादीत खालीही टाकू नका. त्याच्या शेजारी स्टूल घेऊन बसा. तेव्हा बाई आणि ते दोघे वैमानिक त्याच मुठींना घाबरत होते आणि तिघेही कागदावर "काही अडचण नाही" असंच लिहीत होते.